निचऱ्याची मध्यम जमीन: लातूर–नांदेडच्या मातीचे वर्णन आणि वर्गीकरण

पाणी धरून ठेवणारी आणि जास्तीचे पाणी सोडून देणारी, मध्यम पोताची, वरच्या थरात गडद आणि भुसभुशीत असलेली जमीन जवळजवळ सगळ्या पिकांना मानवते. मराठीत तिला पोयट्याची जमीन म्हणतात. अमेरिकेतील आयोवा राज्यात पूर्वी उंच गवताची प्रेअरी होती. तिथे अशी जमीन कोसच्या कोस सलग आहे. लातूर आणि नांदेड जिल्ह्यांत ती तुकड्यातुकड्यांनी सापडते. एखादा पट्टा माळाच्या पायथ्याशी, एखादा गोदावरी-मांजरेच्या उंच काठावर, आणखी थोडी देगलूरकडच्या ग्रॅनाइटवर. बोलण्यात ती नुसती 'मध्यम' असते आणि खरेदी-विक्रीत भाव खाऊन जाते ती भारी काळी. खड्ड्यात उतरून पाहणाऱ्या माणसाला मात्र हा हिशेब दरवेळी पटत नाही.

दोन्ही जिल्ह्यांचा बहुतेक भाग दख्खनच्या बेसॉल्टवर वसलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचले, त्यांचेच हे पठार. लातूर बालाघाटच्या माथ्यावर आहे आणि मांजरा, तेरणा, तावरजा, घरणी या नद्यांनी ते कोरले आहे. नांदेड गोदावरीच्या खोऱ्यात उतरते. त्याच्या उत्तरेला पैनगंगा आणि किनवट–माहूरचे डोंगर येतात. देगलूर, बिलोली आणि मुखेडच्या काही भागात बेसॉल्ट संपतो आणि त्याच्याखालचा, कितीतरी जुना ग्रॅनाइट उघडा पडतो. पाऊस लातूरला वर्षाला आठशे मिलिमीटरच्या आत-बाहेर, नांदेडला नऊशेच्या आसपास, किनवटकडे आणखी जास्त. आकडे वाईट नाहीत. पण हा पाऊस चार महिन्यांत आणि त्यातही थोड्याच दिवसांत पडून जातो. त्यामुळे या भागातल्या जमिनीला एकाच वर्षात तुंबणे आणि वाळून जाणे, दोन्ही सोसावे लागते.

खडक एकच असला तरी माती उताराप्रमाणे बदलते. औसा किंवा चाकूर तालुक्यातल्या कुठल्याही शिवारात माळावरून ओढ्याकडे चालत गेले तर हा क्रम पायाखाली उलगडतो. माथ्यावर वीतभर माती आणि खाली मुरूम, म्हणजे बरड. उतार मंदावतो तिथे हातभर ते दोन हात खोलीची, काळसर तपकिरी मध्यम जमीन लागते. त्याखाली सपाटीवर दीड मीटरहून खोल भारी काळी. अगदी ओढ्याच्या कडेला कधी मळईची सुपीक पट्टी मिळते, तर कधी पाणी तुंबणारी चिबड किंवा सोडियमने बिघडलेली चोपण. उतारावरून वाहून आलेली बारीक माती, चुना आणि क्षार खाली साठतात. वरची जमीन जे गमावते ते खालची साठवते, मग ते हवे असो वा नको असो. म्हणून अनुभवी सर्वेक्षक गावात गेल्यावर आधी हा उतार चालून घेतो आणि नकाशा नंतर उघडतो.

विहिरीची कड, रस्त्यासाठी कापलेला चढ आणि नव्याने खोदलेले शेततळे म्हणजे फुकटात मिळालेले खड्डे. पण वर्षानुवर्षे ऊन-पाऊस खाल्लेली कड फसवते. तिच्या पृष्ठभागावर चुना येऊन बसतो, मातीची घडण पार बदललेली असते. हातभर आत खरवडल्याशिवाय तिच्यावर विश्वास ठेवू नये. दुसरी एक फसगत अलीकडची आहे. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना २०१७ मध्ये सुरू झाल्यापासून अनेक शेतांवर तलावातला गाळ पसरला गेला आहे. अशा शेतात वरचा अर्धा-एक फूट काळा थर तिथला नसतोच. बरडावर गाळ टाकलेला असतो आणि वरून पाहणारा त्यालाच मध्यम जमीन समजतो. त्यामुळे जागा निवडण्यापूर्वी शेतकऱ्याशी बोलणे भाग असते. बांध, उकिरडा, जुने झाड आणि गुरे बांधायची जागा यांपासूनही खड्डा लांब घ्यावा लागतो.

खड्डा दीड मीटर खोल, किंवा त्याआधी खडक लागला तर तिथपर्यंत. ज्या भिंतीचे वर्णन करायचे तिच्यावर ऊन पडले पाहिजे, तिच्या माथ्यावर कुणी उभे राहता कामा नये आणि समोरच्या बाजूला उतरायला पायऱ्या असाव्यात. वरची माती एका बाजूला आणि खालची दुसऱ्या बाजूला टाकण्याची शिस्त कामगारांना पहिल्यांदाच सांगावी लागते. खड्डा बुजवताना हा क्रम उलटा झाला तर खालच्या चुनखडीचा पांढरा डाग पुढे कैक हंगाम त्या शेतात दिसतो, आणि पुन्हा त्या गावात खड्ड्याला जागा मागणे अवघड होते.

भिंत खुरप्याने तासून ताजी केली की थर दिसू लागतात. सीमा नजरेने जितक्या कळतात तितक्याच खुरप्याच्या टोकानेही कळतात. टोक खुपसताना लागणारा जोर जिथे बदलतो तिथे बहुधा थर बदललेला असतो. मग प्रत्येक थराचा रंग, पोत, घडण, ओल, मुळे, खडे, चुना अशी नोंद होते.

रंगासाठी मन्सेलचा रंगतक्ता वापरतात. मातीचा खडा ओला करून तक्त्यातल्या चौकटींशी ताडायचा. भारी काळीचा ओला रंग बहुधा १० वायआर ३/१ भरतो, म्हणजे अत्यंत गडद करडा. मध्यम जमिनीचा १० वायआर ३/२ ते ७.५ वायआर ३/३, म्हणजे गडद तपकिरी. ग्रॅनाइटच्या पट्ट्यात तो ५ वायआरकडे, तांबूसपणाकडे झुकतो. शेवटचा आकडा रंगाच्या झळाळीचा असतो. तो १ वरून ३ वर जातो तेव्हा लोहाची संयुगे हवेच्या संपर्कात राहिली आहेत, पाणी तुंबून बसलेले नाही, अशी पहिली शंका घ्यायला जागा मिळते. पुरावा अजून मिळालेला नसतो.

काळेपणाबद्दल मोठा गैरसमज आहे. वसिली डोकुचायेव या रशियन शास्त्रज्ञाने १८८३ मध्ये चेर्नोझेमवर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि गवताळ प्रदेशातली काळी माती म्हणजे गवताच्या मुळांनी शतकानुशतके साठवलेला सेंद्रिय ठेवा, हे त्याने दाखवून दिले. आयोवाच्या मातीचा काळेपणाही त्याच जातीचा. मराठवाड्याची माती त्यांच्याहून काळी दिसते, पण तिच्यातला सेंद्रिय कर्ब बहुतेक शेतांत एक टक्क्याच्या आतच असतो. स्मेक्टाइट जातीच्या चिकणमातीच्या कणांना थोडासा सेंद्रिय अंश घट्ट चिकटलेला असतो आणि तेवढ्यानेच ती काळीभोर दिसते. रंगावरून सुपीकता ठरवणे इथे धोक्याचे आहे. माळाच्या पायथ्याची तपकिरी माती खालच्या काळीपेक्षा कर्बात कमी असेलच असे मुळीच नाही.

पोत ठरवायला प्रयोगशाळा असते, पण शेतात हातच चालतो. माती ओली करून मळायची आणि अंगठ्याने तर्जनीवर दाबत तिची पट्टी काढायची. पट्टी लांब निघाली, चमकली आणि बोटाला चिकटून राहिली की ती चिकण. लगेच तुटली आणि बोटांना वाळूची कचकच लागली की वाळूचा अंश जास्त. बेसॉल्टच्या मातीत इथे घाई नडते. तिचे बारीक कण घट्ट गोळे करून बसलेले असतात, ते पुरेसे मळले नाहीत तर माती आहे त्यापेक्षा हलकी वाटते. शास्त्रीय व्याख्येत पोयटा म्हणजे ७ ते २७ टक्के चिकणमाती, २८ ते ५० टक्के गाळाचे कण आणि ५२ टक्क्यांच्या आत वाळू. या काट्यावर तोलले तर बेसॉल्टवरची फार थोडी जमीन पोयटा ठरते, कारण बेसॉल्टमध्ये वाळू होऊन टिकणारे गारेचे कण नसतात आणि तो झिजून बहुतांशी चिकणमातीच होतो. मध्यम जमीन बहुधा चिकण-पोयटा निघते. अस्सल पोयटा शोधायचा तर नदीच्या उंच काठावर किंवा देगलूर-बिलोलीकडे जावे. तिथे ग्रॅनाइटमधली गार वाळू होऊन राहते.

घडणीत मात्र मध्यम आणि भारी जमिनीतला खरा फरक दिसतो. भारी काळी उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. वर्षानुवर्षांच्या या ओढाताणीत खालचे ढेपळे एकमेकांवर घासतात. साधारण अर्ध्या मीटरच्या खाली ते पाचरीच्या आकाराचे होतात आणि त्यांच्या बाजू मेण चोळल्यासारख्या गुळगुळीत दिसतात. कपाशीची मुळे या भागात चपटी होऊन ढेपळ्यांच्या फटीतून आडवी धावतात. आत शिरायला त्यांना वाव नसतो. मध्यम जमिनीत ढेपळे गोलसर कडांचे, अंगठ्याने फुटणारे असतात आणि मुळे गोल राहून सरळ खाली मुरमापर्यंत पोचतात. भिंतीवरचे एक उपटलेले मूळ कधीकधी अर्ध्या पानाच्या वर्णनापेक्षा जास्त सांगते.

चुना तपासायला सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकतात. फेस कितव्या थरापासून येतो आणि किती जोरात येतो हे लिहायचे. वरचा थर शांत आणि फेस खालीच येत असेल, तर पाणी वरचा चुना धुऊन खाली नेते आहे, म्हणजे ते खाली जाते आहे. पहिल्याच थराला फेस आला तर झीज होऊन वरची माती गेली असण्याची शक्यता आधी पाहावी. याच चुनखडीच्या पांढऱ्या मातीने इथली माळवदे शाकारली जात. काळी माती छतावर भेगाळते, पांढरी धरून राहते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात मातीचे हे जाड थर आणि चिखलात रचलेल्या दगडी भिंती माणसांवर कोसळल्या. माती-सर्वेक्षणाच्या नमुन्यात या गोष्टीसाठी रकाना नाही, पण लातूर जिल्ह्यात पांढऱ्या मातीची नोंद करताना ती आठवल्याशिवाय राहत नाही.

निचरा हा या सगळ्या वर्णनाचा गाभा आहे आणि तोच सर्वांत अवघड. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत निचरा ओळखण्याची खूण म्हणून मातीतले करडे आणि तांबूस ठिपके सांगितलेले असतात. पाणी तुंबले की हवा संपते, लोह विरघळून जागा बदलते आणि ठिपके उमटतात. आयोवात ही खूण चोख चालते. मराठवाड्याच्या काळीत ती चालत नाही, कारण गडद रंगात ठिपके झाकले जातात. सोयाबीन पिवळे पडून सडेपर्यंत पाणी साचणाऱ्या शेतातही खड्डा एकसारखा काळा दिसतो. रंगतक्त्यावर विसंबून 'निचरा मध्यम' असे लिहिलेल्या नोंदी पाहिल्या की लिहिणारा तिथे सप्टेंबरात गेला नव्हता हे कळते.

मग इतर पुरावे गोळा करावे लागतात. शेत उतारावर कुठे आहे, पाचरीचे ढेपळे किती वर सुरू होतात, खाली मऊ मुरूम आहे की अखंड खडक. मऊ मुरूम पाणी पिऊन घेतो. अर्ध्या मीटरवर अखंड खडक असेल तर जमीन हलकी असूनही तुंबते. आणि सगळ्यांत भरवशाचा पुरावा बांधावरच मिळतो. "मामा, मोठा पाऊस थांबल्यावर वाफसा कितव्या दिवशी येतो?" असे विचारावे. "तिसऱ्या-चौथ्या दिवशी औत चालतं" असे उत्तर मध्यम जमिनीचे असते. "आठ दिवस पाय ठेवता येत नाही" हे भारीचे. प्रश्न 'निचरा कसा आहे' असा विचारला तर उत्तर हमखास 'चांगला आहे' येते. चौकशीला आलेल्या साहेबाला आपली जमीन वाईट आहे असे कोण सांगेल?

सोडियमची बाजूही पाहावी लागते. मातीच्या कणांवर चिकटलेल्या क्षारांत सोडियमचा वाटा वाढला की कण सुटे होतात, छिद्रे बुजतात आणि पाणी मुरेनासे होते. जमीन चोपण ठरवायला हा वाटा १५ टक्के असावा असा प्रचलित संकेत आहे. विदर्भाच्या काळ्या मातीवर झालेल्या अभ्यासांनी मात्र दाखवले की ५ टक्क्यांच्या पुढेच पाणी मुरण्याचा वेग घसरू लागतो. उलट बेसॉल्टच्या पोकळ्यांतले झिओलाइट खनिज झिजताना कॅल्शियम पुरवत राहते आणि घडण सावरून धरते. त्यामुळे शेजारशेजारच्या दोन शिवारांत दिसायला सारख्या जमिनी पाण्याच्या बाबतीत वेगळ्या वागतात. झिओलाइटचा हा आधार नसेल तिथे खोल काळीत कालव्याचे पाणी मुक्तपणे सोडणे म्हणजे चोपण ओढवून घेणे.

वर्णन पुरे झाले की वर्गीकरण. अमेरिकेत १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेली आणि १९९९ मध्ये सुधारलेली मृदा-वर्गीकरण पद्धत भारतात वापरली जाते. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्थेने, जिची स्थापना १९७६ ची, देशभरचे नकाशे याच पद्धतीने केले. तिच्यात बारा गण आहेत. आयोवाची प्रेअरी माती मॉलिसॉल गणात बसते. त्यासाठी वरचा थर ओला असताना गडद, मऊ घडणीचा, पुरेसा जाड, किमान ०.६ टक्के सेंद्रिय कर्बाचा आणि कॅल्शियमसारख्या भस्मांनी निम्म्याहून अधिक भरलेला असावा लागतो. मराठवाड्याच्या मध्यम जमिनीचा रंग या कसोटीला उतरतो, भस्मे तर ओसंडून असतात. अडते ते बहुधा कर्ब आणि घडण यांवर. उष्ण हवा आणि वर्षानुवर्षांची वखरणी या दोघांनी कर्ब खाल्लेला असतो, आणि नांगराखालचा थर सुकल्यावर दगडासारखा होतो. दख्खनच्या बेसॉल्टवर मॉलिसॉल अजिबात नाहीत असे नाही. सातपुड्याच्या दमट, जंगली डोंगरांत ते अभ्यासकांनी नोंदवले आहेत. किनवट–माहूरच्या सागवानी जंगलात पाचोळ्याखालची रवाळ काळी माती पाहिली की तसे लिहून टाकण्याचा मोह होतो. थराची जाडी मोजल्याशिवाय आणि कर्बाचा आकडा हाती आल्याशिवाय तो आवरलेला बरा.

बेसॉल्टवरच्या शेतजमिनींचा निवाडा तीन गणांत होतो. वरच्या अर्ध्या मीटरभर किमान ३० टक्के चिकणमाती, उघडमीट करणाऱ्या भेगा आणि एक मीटरच्या आत सुरू होणारा, २५ सेंटिमीटर तरी जाडीचा घासलेल्या ढेपळ्यांचा थर असेल तर व्हर्टिसॉल. ही भारी काळी. मुरमावरचे पातळ बरड, ज्यात मधला थर तयारच झालेला नाही, ते एन्टिसॉल. जिच्यात मधला थर ओळखण्याइतका घडला आहे, पण व्हर्टिसॉलची लक्षणे भरत नाहीत, ती इन्सेप्टिसॉल. आपली निचऱ्याची मध्यम जमीन इथे येते. उन्हाळा-पावसाळ्याच्या आलटून-पालटून येणाऱ्या ओलीमुळे तिचे नाव हॅप्लुस्टेप्ट. भेगा आणि घासल्याच्या खुणा थोड्याबहुत असतील तर व्हर्टिक हॅप्लुस्टेप्ट, नसतील तर टिपिक हॅप्लुस्टेप्ट. ग्रॅनाइटवर, जिथे चिकणमाती वरून झिरपून खाली साठलेली दिसते, तिथे चौथा गण अल्फिसॉल लागू होतो.

'व्हर्टिक' आणि 'टिपिक' यांतला फरक कागदावर क्षुल्लक दिसतो, शेतात तो मोठा आहे. पहिली जमीन अतिवृष्टीत काळीसारखी वागते, दुसरी वागत नाही. नावाच्या पुढे पोताचा वर्गही जोडतात आणि तिथे पोयट्याची व्याख्या सैल होते. 'फाइन-लोमी' म्हणजे १८ ते ३५ टक्के चिकणमाती. म्हणजे ३२ टक्क्यांची चिकण-पोयट्याची जमीन या नावाखाली सुखाने बसते. जुने अहवाल वाचणाऱ्याला उस्टोक्रेप्ट, क्रोमुस्टर्ट, पेल्युस्टर्ट अशी नावे भेटतात. सुधारणांमध्ये ती बाद झाली. जमीन तीच आहे, नाव बदलले आहे, हे लक्षात न घेता दोन अहवाल ताडून 'जमीन बदलली' असा निष्कर्ष काढलेलाही दिसतो.

शेतकऱ्यांची भाषा या कोष्टकापेक्षा कमी अचूक नाही, तिचा रोख वेगळा आहे. बरड, मध्यम, भारी ही खोलीची उतरंड आहे. चिबड, चोपण, खारवट हे पाण्याचे आणि क्षारांचे निदान आहे. मळई हा नदीने केलेल्या जागेचा पत्ता आहे. टिपिक हॅप्लुस्टेप्टला मात्र तिच्यात स्वतंत्र नाव नाही. ती बरड आणि भारी यांच्यामध्ये 'मध्यम' म्हणून उरते, आणि तिची उपेक्षा बहुधा तिथूनच सुरू होते.

खरे तर कोरडवाहू खरिपात ती दोन्हींच्या पुढे आहे. भारी काळी मीटरभर खोलीत खूप पाणी साठवते, म्हणून रब्बीच्या ज्वारी-हरभऱ्याला तिला तोड नाही. जुने लोक तिला पावसाळाभर मोकळी ठेवून नुसत्या पाळ्या घालत आणि रब्बीत पेरत, त्यामागे निचऱ्याचेच शहाणपण होते. गेल्या काही दशकांत सोयाबीनने हा क्रम मोडला. आता तुंबणाऱ्या जमिनीत पावसाळी पीक उभे असते आणि सप्टेंबरच्या झडीत ते हातचे जाते. तूर तर पाणी साचलेले अजिबात सोसत नाही. त्याच झडीत मध्यम जमिनीवरची तूर तगते. उघडीप लांबली की ही जमीन काळीच्या आधी सुकते, ही तिची उणीव मान्य करायला हवी. एखाद-दुसऱ्या संरक्षित पाण्याने ती भरून निघते. काळीतले तुंबलेले पाणी काढायला रुंद वरंबे-सरी, चर आणि निचऱ्याच्या नळ्या लागतात, आणि चर शेजाऱ्याच्या बांधाशी येऊन थांबतो.

सरकारची मृदा आरोग्यपत्रिका योजना फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झाली. पत्रिकेवर सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि सूक्ष्म द्रव्ये मिळून बारा गोष्टी असतात. नमुना वरच्या १५–२० सेंटिमीटरचा घेतात. जमिनीची खोली, पोत, घडण आणि निचरा यांतली एकही गोष्ट त्या बारांत नाही. त्यामुळे खताची मात्रा कळते, कोणते पीक त्या शेतात पाण्यात बुडेल हे कळत नाही. ते कळायला शेतकऱ्याने आपल्या शेतात पाचोळ्याचा खड्डा, शेततळे किंवा विहीर खोदताना उघडी पडलेली भिंत मातीने झाकण्यापूर्वी एकदा खाली उतरून पाहावी, आणि पुढच्या पावसाळ्यात मोठ्या पावसानंतर वाफसा कितव्या दिवशी आला ते पत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून ठेवावे.